पोत्यामागे एक मूठ

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्हांकडे लेख मागितला, तेव्हा धान्याच्या भावांची चढउतार व अडतीचा धंदा यांविषयी चार शब्द लिहावेत असा आमचा विचार होता. परंतु गेल्या वर्षी आमच्या पेढीत जो प्रकार घडला त्यामुळे तो विचार मागे पडला. विषय कायद्याचा आहे आणि आमचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तथापि वकील मित्रांना वेळोवेळी त्रास देऊन, निकालपत्रे त्यांच्याकडून समजावून घेऊन जे ध्यानात आले, ते आमच्या व्यापारी भाषेत बंधुजनांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या लहानपणी, वडील पेढीवर बसत असत तेव्हा, पोते काट्यावर चढविण्यापूर्वी त्यातून मूठभर नमुना काढण्याची रीत होती. तो नमुना शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत निघे, चार हातांतून फिरे, आणि पुष्कळदा पुन्हा पोत्यात न पडता काट्याखाली अंथरलेल्या गोणपाटावर पडे. एका मुठीसाठी कोण भांडणार? ज्याला दिवस मावळण्यापूर्वी गाडी जुंपून गावी परतावयाचे आहे तो मुठीकडे पाहत नाही. पण सायंकाळी त्या गोणपाटावर जे साचे ते पोत्यात भरावे लागे. वडील ते धान्य ज्याचे त्यास परत देण्याची खटपट करीत. ती नेहमीच साधत असे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

या मुठीची आठवण होण्याचे कारण असे. चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही पेढीची उधारी मोबाइलमधील हिशेबाच्या एका ॲपवर चढविली. खानापूर, बैलहोंगल, संकेश्वर, सीमेपलीकडील चंदगड अशा ठिकाणचे एकशे चाळीस किरकोळ दुकानदार आमच्या खतावणीत आहेत. त्यांची नावे, फोन क्रमांक व बाक्या सारे त्यात गेले. ॲपने काही परवानग्या मागितल्या, त्या चिरंजीवांनी वाचल्या नाहीत आणि आम्ही तर पाहिल्याही नाहीत. दीड-दोन महिने गेले असतील. एके दिवशी खानापूरचे एक जुने दुकानदार पेढीवर आले, गादीच्या कडेला बसले, आणि चहा आला तो त्यांनी बाजूला सारला.

"अण्णा, तुमच्याकडची बाकी मी घरातसुद्धा सांगितलेली नाही. काल एका बाईनं फोनवर मला आकडा सांगितला, आणि कर्ज हवं काय म्हणून विचारलं. तुमची वही आजवर कुणी उघडी पाहिली नव्हती."

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे चौकशी केली तेव्हा आणखी कित्येकांना असे फोन आल्याचे कळले. ॲपच्या कंपनीस आम्ही पत्र लिहिले. सर्व काही आपण मान्य केलेल्या अटींनुसारच झाले आहे, अशा आशयाचे अत्यंत सभ्य उत्तर आले. आकडा त्यांच्याकडूनच बाहेर गेला, हे सिद्ध करण्याचे साधन आम्हांपाशी नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

व्यापाऱ्याची वही ही त्याची एकट्याची वस्तू कधीच नव्हती. एका गिऱ्हाइकाचे पान दुसऱ्यास दाखवू नये, हा नियम कोणत्याही सरकारने घालून दिलेला नाही. तो पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलास प्रथम शिकविला जातो. आपल्याकडे सत्याणुव्रताच्या अतिचारांत ठेव गिळंकृत करण्याबरोबरच दुसऱ्याचे ओळखलेले गुपित उघड करणे, म्हणजे साकारमंत्रभेद, हाही गणलेला आहे. ते वाचताना आम्हांस हा दोष शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीविषयी आहे असे वाटे. मोबाइलमधून तो आमच्याच पेढीवर येईल अशी कल्पना नव्हती.

वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नुकसान किती झाले?" खानापूरकरांचे नुकसान रुपयांत किती, हे त्यांना सांगता येईना आणि आम्हांसही येईना. एक फोन आला, मन दुखावले, घरात दोन शब्द झाले. याची किंमत कोर्टात कशी मांडावी? आणि मांडली तरी वकिलाची फी त्याहून अधिक. मग आम्ही विचारले, "एकशे चाळीस जणांचे मिळून मांडले तर?" वकील हसले आणि म्हणाले, "शेठजी, याच प्रश्नावर इंग्लंडात चार वर्षांहून अधिक काळ खटला चालला."

तो खटला लॉईड विरुद्ध गूगल या नावाने प्रसिद्ध आहे. आयफोनमध्ये इंटरनेटची पाने पाहण्यासाठी सफारी नावाचे साधन असते. त्यात अशी व्यवस्था होती की, ज्या पानावर आपण गेलो त्याखेरीज अन्य कोणा तिऱ्हाइताने आपल्या फोनवर खुणेची चिठ्ठी, जिला कुकी म्हणतात, ठेवू नये. २०११ च्या उत्तरार्धापासून २०१२ च्या आरंभापर्यंत काही महिने गूगलने या व्यवस्थेतील एका फटीतून आपली जाहिरातीची चिठ्ठी आत सरकविली, असा आरोप होता. त्यायोगे कोण काय पाहतो, किती वेळ पाहतो, हे टिपता येई आणि त्यावरून जाहिरातदारांसाठी माणसांचे गट पाडता येत. अमेरिकेत याच प्रकरणी २०१२ साली गूगलने २ कोटी २५ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटविले. इंग्लंडात ग्राहकांच्या एका जुन्या संस्थेचे माजी प्रमुख रिचर्ड लॉईड यांनी २०१७ साली ४० लाखांहून अधिक आयफोनधारकांच्या वतीने दावा लावला. प्रत्येकी ७५० पौंड हा आकडा पुढे करण्यात आला होता, म्हणजे एकूण ३ अब्ज पौंड. खर्चासाठी पैसा पुरविणारी कंपनीही उभी राहिली. दाव्यात पैसा गुंतवून यशाचा वाटा घेणे हा तिकडे रीतसर धंदा आहे. आम्हांस तो प्रथम चमत्कारिक वाटला. पण विचार करता, ज्याचे नुकसान थोडे त्याने कोर्टाची पायरी कशी चढावी, यास दुसरे उत्तर तेथेही सापडलेले दिसत नाही.

दावा लावण्याची ही रीत नवी मात्र नव्हे, आणि हा भाग आम्हांस सर्वांत अधिक भावला, कारण तिच्या इतिहासात आपल्यासारखी बाजारपेठेतील माणसेच भेटतात. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या भाजी-फळांच्या बाजाराचा मालक बेडफर्डचा ड्यूक होता. १८२८ च्या कायद्याने माल पिकविणाऱ्यांना तेथे बसण्याच्या जागांचा अग्रहक्क दिला आहे, असे म्हणून सहा जणांनी स्वतःच्या व इतर सर्व उत्पादकांच्या वतीने ड्यूकवर दावा लावला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, १९०१ च्या निकालसंग्रहात छापलेल्या निकालात, असा दावा चालू शकतो असे ठरविले. गाऱ्हाणे एक आणि मागणी सर्वांच्या हिताची, मग माणसे किती आहेत यावर काय अडावे, असा त्याचा भावार्थ. परंतु दहाच वर्षांनी तराजू दुसरीकडे कलला. रशिया-जपान युद्धात, १९०४ साली, 'नाइट कमांडर' नावाची मालवाहू आगबोट रशियन आरमाराने बुडविली. तिच्यावर अनेक व्यापाऱ्यांचा माल होता. त्यांपैकी काहींनी सर्वांच्या वतीने जहाज कंपनीवर दावा लावला. १९१० साली कोर्टाने सांगितले की, प्रत्येकाचा माल वेगळा, करार वेगळा, नुकसान वेगळे. सबब एकत्र दावा नाही. मंडईतील जागा सर्वांची एक, जहाजातील पोते ज्याचे त्याचे. मोबाइलमधून घेतलेली माहिती या दोहोंपैकी कशासारखी समजावयाची, हाच खरा वाद होता.

१० नोव्हेंबर २०२१ रोजी इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. मधल्या अपील न्यायालयाने दावा चालू द्यावा असे म्हटले होते. ते रद्द झाले. लॉर्ड लेगॅट यांनी लिहिलेल्या निकालाचे सार आम्हांस असे समजले: १९९८ च्या त्या कायद्याखाली केवळ माहितीवरील ताबा गेला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, त्यापायी पैशाचे नुकसान अगर मनस्ताप झाला हे दाखविले पाहिजे, आणि कोणाची किती माहिती कशी वापरली हे माणसागणिक पाहिल्यावाचून रक्कम ठरविता येत नाही. चूक झाली काय, एवढाच प्रश्न एकत्र चालविण्यास त्यांनी दार उघडे ठेवले. पण भरपाईसाठी पुढे प्रत्येकाने स्वतंत्र यावे. आता चाळीस लाख माणसे एकेक करून पुरावा द्यावयास कशी येणार? पैसा गुंतविणारेही अशा दाव्यात पैसा घालीत नाहीत. म्हणजे पोत्यामागे एक मूठ गेली हे कोणी नाकारीत नाही, पण प्रत्येकाने आपापली मूठ मोजून दाखवावी!

निकाल कायद्यास धरून असेल, त्यावर मत देण्याची आमची योग्यता नाही. मात्र मुठीचा हिशेब पोत्याच्या बाजूने करावयाचा की गोणपाटाच्या, हे आम्ही न्यायमूर्तींना विनयपूर्वक विचारले असते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने गोणपाटाकडे पाहिले असे म्हणता येईल. तेथे किराणा दुकानांत बोटाचा ठसा देऊन पैसे चुकते करण्याची सोय 'पे बाय टच' नावाची कंपनी देत असे. ती २००७ च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली, आणि गिऱ्हाइकांचे ठसेही इतर मालमत्तेबरोबर विकले जाणार काय, अशी चिंता उत्पन्न झाली. तेव्हा २००८ साली राज्याने कायदा केला की, लेखी संमतीवाचून ठसा अगर चेहऱ्याचे मोजमाप घेऊ नये; निष्काळजीपणाने घेतल्यास एक हजार डॉलर, हेतुपुरस्सर घेतल्यास पाच हजार डॉलर, थेट त्या माणसास द्यावे. एका मनोरंजन उद्यानाने चौदा वर्षांच्या मुलाचा अंगठा घेतला म्हणून त्याच्या आईने लावलेल्या दाव्यात, २०१९ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळे नुकसान दाखविण्याची गरज नाही असे ठरविले. मूठ घेतली, हेच नुकसान.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. फेसबुक छायाचित्रांतील चेहरे ओळखून नावे सुचवीत असे. त्यावर २०१५ साली सुरू झालेला सामूहिक दावा ५५ कोटी डॉलरांत मिटत होता. न्यायाधीशांनी ती रक्कम अपुरी मानली, तेव्हा ती ६५ कोटींवर गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर झाली. सुमारे ६९ लाख लोक हक्कदार होते, त्यांपैकी १६ लाखांच्या आसपास लोकांनी अर्ज केले आणि २०२२ साली प्रत्येकाच्या हाती ४०० डॉलरांच्या जवळपास रक्कम पडली. वकिलांनी ९ कोटी ७५ लाख डॉलर घेतले, हेही सांगितले पाहिजे. त्याच २०२१ सालच्या नोव्हेंबरात कंपनीने चेहरे ओळखण्याची ती व्यवस्था बंद करून एक अब्जाहून अधिक चेहऱ्यांची मोजमापे पुसून टाकण्याचे जाहीर केले.

परंतु व्यापारी या नात्याने दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. त्याच राज्यात व्हाईट कॅसल या खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या कंपनीवर तिच्या नोकरांनी बोटाच्या ठशांबद्दल दावा लावला. २०२३ साली कोर्टाने प्रत्येक वेळी बोट टेकविणे हा वेगळा गुन्हा धरला. रोज दोन-चार वेळा बोट टेकविणारे साडेनऊ हजार नोकर! कंपनीने हिशेब मांडला तो १७ अब्ज डॉलरांच्या वर गेला. एवढा दंड म्हणजे दुकान बंद. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन माणसामागे एकदाच भरपाई असे झाले. ते योग्यच झाले असे आमचे मत आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ज्यांच्या अर्जावरून हे झाले ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, २०१२ साली, त्यांनी आधारविरुद्ध अर्ज केला होता. एका वृद्धाने मागितले आणि सर्वांस मिळाले. पण हक्क जाहीर होणे वेगळे आणि तो मोडला म्हणून खानापूरच्या दुकानदारास भरपाई मिळणे वेगळे.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. माहितीची नीट राखण न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा ऐकून आम्हांस समाधान वाटले. मग वकिलांनी पुढचे कलम दाखविले: दंडाची सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची माहिती गेली त्यास त्यातून पैही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३अ हे भरपाईचे एक कलम होते, तेही या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. शिवाय, नव्या मंडळाच्या अधिकारातील बाबींवर दिवाणी न्यायालयात दावा चालणार नाही, असेही त्यात आहे. काट्यावर मूठ गेली तर मापाड्यास दंड होईल आणि तो सरकारात जमा होईल. शेतकऱ्याने घरी जावे.

दिवाणी व्यवहार संहितेच्या पहिल्या आदेशातील आठवा नियम, ज्याने अनेकांच्या वतीने एकास दावा लावता येतो, तो त्याच इंग्रजी रीतीवरून आलेला आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तर सर्वांचे दाव्याचे कारण अगदी एकच असावे ही अटही सैल केली. पण ज्या विषयात दिवाणी न्यायालयाचेच दार बंद, तेथे तो नियम काय करणार? उरते ते ग्राहक संरक्षणाचे दार. २०१९ च्या त्या कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधारावाचून दुसऱ्यास सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. आणि कलम ३५ प्रमाणे एक ग्राहक, जिल्हा आयोगाच्या परवानगीने, समान हित असलेल्या सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतो. माहितीचा नवा कायदा इतर कायद्यांच्या जोडीने वाचावयाचा आहे, असे त्याच कायद्यात म्हटलेले असल्यामुळे हे दार उघडे राहावे, असे आमच्या वकिलांचे मत आहे.

येथे आम्हांस आनंद होणार तोच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ग्राहक म्हणजे धंद्यासाठी सेवा घेणारा नव्हे. ॲप आम्ही पेढीसाठी घेतले. आम्ही ग्राहक नाही. आणि दुकानदारांनी तर कंपनीकडून काहीच घेतलेले नाही, त्यांनी आपली नावे व क्रमांक आम्हांस दिले होते. तेव्हा नव्या कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या माहितीचा जबाबदार कोण? कंपनी आमच्या वतीने हिशेब ठेवीत होती. माहिती राखण्याचे दायित्व प्रथम आमचे. उद्या एकशे चाळीस जण एकत्र आले तर त्यांच्या तक्रारीत पहिले नाव आमच्या पेढीचे येईल.

हे ऐकून चिरंजीव गप्प झाले. आम्हांस मात्र वडिलांचे गोणपाट आठवले.

बंधुजनहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानांत आता बिलाबरोबर फोन क्रमांक मागितला जातो. क्रमांकावाचून बिल नाही असा आग्रह धरू नये, असा सल्ला केंद्राच्या ग्राहक विभागाने मे २०२३ मध्ये दिला होता. तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला? आम्ही वाचला नव्हता. ते क्रमांक कोणाच्या फोनमध्ये आहेत, नोकर सोडून गेला तेव्हा त्याच्याबरोबर किती गेले, याचा हिशेब एकदा तरी प्रत्येक पेढीने घ्यावा. आम्ही घेतला आणि लाज वाटली. उधारी पुन्हा वहीत लिहिण्यास सुरुवात केली आहे. दिवाणजी खूश आहेत, चिरंजीव नाहीत.

असोसिएशनच्या कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना लेखी दिल्या आहेत. एक, ज्या सभासदांच्या गिऱ्हाइकांना असे फोन आले त्यांनी तारीख, वेळ, समोरचा क्रमांक व काय बोलणे झाले हे टिपून आणावे, कारण एकाच्या टिपणास कोणी विचारीत नाही, शंभर टिपणांतून माल कोठून गळतो ते दिसते. दुसरी, माहितीच्या कायद्यात माणसामागे एकदाच द्यावयाची ठराविक भरपाई असावी आणि ती माणसाच्याच हाती पडावी, असे निवेदन संघटनेने खासदारांमार्फत सरकारकडे पाठवावे. आपल्यावरच ती भरपाई द्यावयाची पाळी येईल, असा आक्षेप एका सन्माननीय सभासदांनी घेतला. येईलच, वजनाच्या कायद्याचीही पाळी आपल्यावर आली होती.

आमच्या एकशे चाळीसपैकी आजवर नऊ जणांनी लिहून दिले आहे. बाकीचे म्हणतात, सही केली की नाव पुढे येईल, आणि नावाबरोबर बाकीही पुढे येईल. त्यांची भीती आम्हांस खोटी वाटत नाही. प्रातिनिधिक तक्रारीत मात्र एकाच नावाने काम भागते, असे वकील सांगतात. खानापूरच्या त्या दुकानदारांनी आपले नाव घालण्यास संमती दिली आहे. उत्तर देणाऱ्यांच्या यादीत आमचे नाव घालावे लागले तरी घाला, असे आम्ही त्यांना कळविले आहे.